हिंगे सरांची बत्तीशी

चांगदेव हिंगे सरांना निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं आणि अवसरी बुद्रुकमध्ये आपल्या सल्ल्यावाचून एकही काम धड होत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. कुणी बोअर घेत असलं की सर काठावर उभं राहून जमिनीतले थर समजावून देत. कुणाच्या गाईला ताप आला, तर डॉक्टर येईपर्यंत थर्मामीटरचा शोध कसा लागला ते सांगत. ऐकणाऱ्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी असत, त्यामुळे मधेच उठून जायची कुणाची छाती होत नसे. गाईला तर तीही सोय नव्हती.

असा हा माणूस एका सकाळी चहाचा घोट घेता घेता गप्प झाला. सरांच्या पत्नी कुशाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या, कारण वाक्य अर्ध्यात सोडणं सरांच्या स्वभावात नव्हतं. सर गालावर हात ठेवून भिंतीकडे बघत होते. खालची उजवी दाढ ठणकली होती.

दाढ एकाची दुखते, पण औषध सगळ्या आळीला माहीत असतं. शेजारचा सावळेराम पहिला आला. हा ग्रामपंचायतीचा सदस्य, मंचरला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, त्यामुळे गावातल्या कोणत्याही घटनेकडे तो 'हे किती फुटी होईल' याच नजरेनं बघायचा. त्यानं लवंगेचं तेल सांगितलं. समोरच्या मावशींनी तुरटी सांगितली. एकानं दाढेत तंबाखू धरायला सांगितली, तर दुसऱ्यानं दुखऱ्या बाजूच्या कानात कोमट तेलाचा कापूस घालायचा आणि उताणं पडून राहायचं, असा उपाय दिला. सर प्रत्येकाला 'याला शास्त्रीय आधार नाही' असं बजावत होते आणि तो माणूस दाराबाहेर पडला की तेच करत होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडाला मसाल्याच्या डब्यासारखा वास यायला लागला, कान तेलानं चिकट झाला आणि दाढ पहिल्यापेक्षा जोमानं ठणकू लागली.

शेवटी कुशाबाईंनी सांगितलं, की नारायणगावला प्राचीनं नवीन दवाखाना काढलाय, तिथं जा. डॉक्टर प्राची ही सरांचीच विद्यार्थिनी. सर दातांच्या डॉक्टरला घाबरत होते असं कुणी म्हणू नये. एवढंच, की त्या खुर्चीत आडवं व्हायचा विषय निघाला की त्यांना गावातली तातडीची कामं आठवायची. पण विद्यार्थिनीपुढे कामं सांगणंही बरं दिसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी कानात तेलाचा कापूस, वर मफलर, अशा थाटात सर नारायणगावच्या एस.टी.त बसले.

दवाखाना वारूळवाडीच्या बाजूला होता. बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावरून हनुवटीखाली पदर गच्च आवळून बांधलेला, एक गाल टरारून फुगलेला. सोबत तिचा मुलगा बिरदेव. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की ही तुकाबाई. यांची मेंढरं आहेत आणि कळपातल्या एका मेंढ्यानं आदल्या दिवशी म्हातारीच्या जबड्यावर धडक दिली होती. हाड मोडलंय का, तेवढं बघायचं होतं.

"मेंढा बरा हाय का?" सरांनी तिच्याच बोलीत सहज विचारलं.

"त्याला काय झालंय," तुकाबाई पदराआडून म्हणाली. "त्यो ऐन भरात हाय."

सरांनी मग तिला एक्स-रे म्हणजे काय ते समजावून दिलं. पूर्वी फिल्म असायची, ती अंधारात धुवायला लागायची. आता डिजिटल आलं. किरण अगदी थोडे लागतात आणि फोटो थेट कॉम्प्युटरवर उमटतो. तुकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला जबडा धड हलवता येत नव्हता, त्यामुळे सरांना इतका चांगला श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

आतून सुईसारखा बारीक आवाज यायला लागला. प्राची कुणाची तरी दाढ कोरत होती. सरांचं बोलणं हळूहळू मंदावलं. तेवढ्यात मदतनीस श्रेयानं त्यांना एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. अंगावर शिशाचा जड एप्रन घातला, मफलर काढायला लावला, हनुवटी एका खोबणीत टेकवली, समोरची काडी दातांत धरायला सांगितली, आणि ते यंत्र सरांच्या डोक्याभोवती, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं, सावकाश फिरलं. सरांना ते आवडलं. दुखत काही नव्हतं आणि मान मोठा होता. यंत्र थांबलं आणि लाइट गेली.

इन्व्हर्टर सुरू होऊन कॉम्प्युटर पुन्हा जागा होईपर्यंत श्रेयानं तुकाबाईला आत घेतलं. सर बाकावर आले. आतला बारीक आवाज आता जास्तच जवळून येऊ लागला होता. त्यात मधेच कुणीतरी 'आं' म्हणालं. सरांना एकदम आठवलं, की गावात आज पाणीपुरवठ्याची बैठक आहे. बैठक कुणी बोलावली नव्हती, पण ती होऊ शकली असती. त्यांनी श्रेयाला सांगितलं, की फोटो मोबाइलवर पाठवून द्या, मॅडमना म्हणावं सर घाईत होते, आणि ते जवळजवळ पळतच स्टँडवर आले.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. तिनं फोटो बघितला होता. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर, एकही किडलेला नाही, मुळं भक्कम, हाड तर तरण्या माणसाला लाजवेल असं. पण सर, दुखतंय म्हणता तर मला प्रत्यक्ष तोंड बघायला हवं, उद्या या, असं ती म्हणाली. शिवाय फोटो काढताना कानात काही होतं का, असंही तिनं विचारलं. सरांना तेलाचा कापूस आठवला. ते 'हो, होतं' म्हणाले. 'काढायला हवं होतं, श्रेयाच्या लक्षात आलं नसेल,' असं म्हणून तिनं तो विषय सोडला.

या बोलण्यातला पहिला अर्धा भाग सरांनी मनात कोरून ठेवला आणि दुसरा अर्धा सोडून दिला. विज्ञानाच्या माणसाला सार काढता यावं लागतं.

फोटो मोबाइलवर आलाच होता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याशुभ्र दातांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांग, जणू कुणी मोठ्या समाधानानं हसतंय. दोन्ही बाजूंना कानाच्या जागी एकेक पांढरं, पाकळ्या असलेलं काहीतरी चमकत होतं. सरांनी तो फोटो आधी कुशाबाईंना दाखवला. कुशाबाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग त्या एवढंच म्हणाल्या, "फूल छान आलंय."

"फूल नाही ते," सर म्हणाले. "कॅल्शियमची ठेव असते. हाड सकस असलं की अशी चमक येते."

कुशाबाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या भाकरी थापायला गेल्या.

त्यानंतर सरांनी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. मग निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर, मग हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, आणि प्रत्येकाखाली आपला दिनक्रम लिहिला: पहाटे निंबाची काडी, जेवणानंतर चूळ, तंबाखूला आयुष्यात स्पर्श नाही. (आदल्या दिवशीची तंबाखू औषध म्हणून होती, ती यात धरायची नाही.) अंगठ्यांचा पाऊस पडला. सावळेराम तर तसाच उठून घरी आला. गावात दंत तपासणी शिबिर घ्यायचं त्याच्या मनात होतंच, फक्त चेहरा सापडत नव्हता. आता चेहराही सापडला होता आणि दातही.

चार दिवसांत फ्लेक्स लागले. वर सरांचा फेटा बांधलेला फोटो, खाली तेवढाच मोठा एक्स-रे आणि मधे ओळ: 'निवृत्तीनंतरही बत्तीस'. एक फ्लेक्स गावाच्या वेशीत, एक मंचरच्या चौकात, एक नारायणगावला. शिबिराचे प्रमुख पाहुणे हिंगे सर, तपासणी करणार डॉक्टर प्राची. प्राचीलाही बरं वाटलं. नव्या दवाखान्याचं नाव होत होतं. ती शिबिराच्या तयारीत बुडाली आणि सरांचं तोंड बघायचं राहून गेलं. सरांनीही आठवण करून दिली नाही. माणूस कामात असला की त्याला त्रास देऊ नये.

अडचण एकच होती. दाढ दुखत होती.

ती आता साधी ठणकत नव्हती. ती उजव्या कानातून वर जाऊन टाळूत घुमत होती आणि खाली मानेत उतरत होती. पण ज्याची बत्तीशी तीन गावांत टांगली आहे त्यानं गालाला हात लावायचा कसा? सर रस्त्यानं जाताना हात मुद्दाम मागे बांधून चालायला लागले. लोकही भले. जो तो दातांना काहीतरी काम घेऊन यायचा. एकानं कडक भाजलेल्या शेंगा आणून दिल्या, दुसऱ्यानं आवळे. एका घरी लग्नाची बोलणी चालू होती, तिथं अडकित्ता सापडेना, तर यजमानानं भर बैठकीत सरांपुढे अख्खी सुपारी धरली. सरांनी ती कपाळाला लावून खिशात ठेवली आणि सुपारीचं धार्मिक महत्त्व या विषयावर बोलू लागले. ते बोलणंही त्यांना अर्ध्यावर थांबवावं लागलं. तोंड उघडलं की गार हवा थेट दाढेत शिरत होती.

घरी आल्यावर सर दार लावून दुधात कुस्करलेली भाकरी डाव्या बाजूनं गिळायचे. कुशाबाई मुकाट्यानं वाटी पुढे सरकवायच्या. बोअरवाले आपापले बोअर घेत होते, गाईंचे ताप आपोआप उतरत होते. सर ओट्यावर ओठ मिटून बसलेले बघून लोक म्हणायचे, की मोठा मान मिळाला की माणूस गंभीर होतो.

शिबिर जवळ आलं तसं सरांनी ठरवलं, की गुपचूप दुसरीकडे जाऊन दाढेचा निकाल लावायचा. जुन्नरला एक जुने दंतवैद्य होते. तिथं आपल्याला कोण ओळखतंय? सरांनी घरी सांगितलं, की जुन्नरला आत्तेभावाकडे जाऊन येतो, टोपी कपाळावर ओढली आणि गेले. दवाखान्यातल्या मुलीनं नाव विचारलं. सरांनी 'सुदर्शन' असं सांगितलं. सुदर्शन त्यांचा जावई, तो लांब नाशिकला असतो, त्याला कळायचं कारण नव्हतं. मुलीनं मोबाइल नंबर मागितला. सरांनी तो मात्र सवयीनं खरा सांगितला. तिनं आकडे दाबले आणि आपल्या स्क्रीनकडे बघून हसायला लागली.

तो नंबर अनेकांनी आपापल्या मोबाइलमध्ये ज्या नावानं साठवला होता, ते नाव तिच्यापुढे आपोआप आलं होतं: 'हिंगे सर दातवाले'.

मग काय, आतून डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांनी नारायणगावचा फ्लेक्स बघितला होता. असे दात आपण अख्ख्या आयुष्यात बघितले नाहीत, असं म्हणून त्यांनी सरांना हात धरून खुर्चीत बसवलं. पेशंटच्या खुर्चीत नव्हे, पाहुण्यांच्या. चहा आला. चहा उकळता होता. सरांनी तो डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत प्यायला आणि प्रत्येक घोटाला त्यांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते डॉक्टरांना विनयाचं वाटलं. बाकावरच्या पेशंटांसोबत फोटो झाले. कशासाठी येणं केलंत, असं विचारल्यावर सर म्हणाले, की सहज, या क्षेत्रातल्या लोकांच्या भेटी घेतोय. जसे आले तसेच ते दाढेसकट परत निघाले.

गावाच्या वेशीत एस.टी.तून उतरले तर फ्लेक्सखाली बिरदेव उभा. रब्बी पेरायच्या आधी खतासाठी शेतात मेंढरं बसवायला अवसरीच्या एका शेतकऱ्यानं त्यांना बोलावलं होतं, त्यामुळे त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सध्या गावाबाहेरच पडला होता. सरांनी म्हातारीची चौकशी केली. बिरदेव काळजीत होता.

"सूज उतरली, हाडबी मोडलं न्हाई," तो म्हणाला. "पर फोटोत लई वंगाळ निघालं, सर. डावीकडची एक दाढ न्हाईच म्हनं, आन् उजव्या अंगाच्या खालच्या दाढंचं मूळ पार सडलंय. पू झालाय. डॉक्टर मॅडम म्हनल्या काढायलाच पायजे. आन् आई म्हनती, माझं काय दुखतच न्हाई. तोंड उघडून दावंना कुनाला. शिबिरात आनतो म्हनलं, तितं चार बाया धरतील."

सर जागच्या जागी उभे राहिले. उजव्या अंगाची खालची दाढ. सरांच्या मनात शंका आली. विज्ञानाच्या शिक्षकाला शंका आली की ती तपासून बघावी लागते, म्हणून ती आलीच नाही असं सरांनी ठरवलं. त्यांनी वर बघितलं. फ्लेक्सवरून त्यांचाच फेट्यातला चेहरा त्यांच्याकडे बघत होता आणि खाली ते दात हसत होते. इतका मोठा खर्च, इतकी माणसं, प्रमुख पाहुणे. शिवाय यंत्र ते यंत्र, त्यात डिजिटल. सरांनी बिरदेवला सांगितलं, की डॉक्टर म्हणतात तर काढून टाकावी. हे सांगताना त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, आणि घरी गेल्यावर त्यांना दुधातली भाकरीही गेली नाही. त्यांनी दाढेला दोष दिला.

शिबिर शाळेच्या सभागृहात होतं. सावळेरामनं कमान उसाची केली होती. दोन्ही बाजूंना पाल्यासकट ऊस उभे, मधे रिबन. स्टेजवर एक पांढरा पडदा, बाजूला प्राचीची तपासणीची खुर्ची. खुर्चीला वायरनं जोडलेली बोटाएवढी पट्टी होती. ती तोंडात धरली की त्या दाताचा फोटो लगेच समोरच्या पडद्यावर दिसणार, असं प्राचीनं लोकांना समजावून सांगितलं. गर्दी चिक्कार झाली होती. कुशाबाई बायकांत पुढच्याच रांगेत बसल्या होत्या.

सरांना फेटा बांधला. फेट्याचा पीळ कानावर आवळला तशी दाढेतून कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. ते हसले. प्राचीनं पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एकीकडे सरांची प्रसिद्ध बत्तीशी, दुसरीकडे नाव न घेता 'एका आजींचे दात'. एका जबड्याची निगा राखली आणि एकाची राखली नाही, तर काय फरक पडतो, ते तिनं सांगितलं. मग बिरदेवनं आईला पुढे आणलं. तुकाबाईचा गाल आता बसला होता, पदर सुटा होता. ती स्टेजपर्यंत आली खरी, पण खुर्चीत बसताच तिनं तोंड असं मिटलं, की प्राचीनं, श्रेयानं आणि दोन बायकांनी मिळूनही ते उघडेना.

सावळेरामला कल्पना सुचली. त्यानं माइक सरांच्या हातात दिला आणि म्हणाला, की दातांच्या बाबतीत सरांचा शब्द कोण मोडणार, सरच आजींना चार समजुतीच्या गोष्टी सांगतील.

सर उठले. माइक तोंडाशी धरला. समोर तुकाबाई बसली होती, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या मागच्या पडद्याकडे बघत होती. बघता बघता तिनं हात वर करून कानाला लावला.

"ते फूल माझं हाय," ती म्हणाली.

हशा पिकला. सावळेराम समजुतीनं म्हणाला, "आजी, ते सरांचे दात हायेत. अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. तुमी बसा गप."

"दाताचं मला म्हाईत न्हाई. फूल माझ्या कानातलं हाय. सासूनं घातलं व्हतं, फिरकी निघतच न्हाई. त्या पोरीनं त्या दिशी लई वढलं, तरी निघालं न्हाई." आणि तिनं मान वळवली. तिच्या कानात पाकळ्यांचं फूल होतं, पण ते लहान होतं आणि मागच्या रांगेतून दिसण्यासारखं नव्हतं. लोक आणखीच हसले. म्हातारी दाढ वाचवायला काहीही बोलते, असं कुणीतरी म्हणालं. बिरदेवनं शरमून आईचे दोन्ही हात धरले. प्राची मात्र पडद्याकडे वळून त्या पाकळ्यांकडे निरखून बघायला लागली, आणि मग सरांकडे.

आता नुसतं गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. लोक सरांच्या बाजूनं होते. कॅल्शियमच्या ठेवीवर दोन वाक्यं बोलली असती तर टाळ्याही पडल्या असत्या. सरांनी बोलायला तोंड उघडलं, गार हवा आत गेली, आणि त्यांना खुर्चीत हात धरून बसवलेली म्हातारी दिसली. तिचं काही दुखत नव्हतं. दुखत होतं ते त्यांचं.

"थांबा," सर माइकमध्ये म्हणाले. "ती दाढ माझी आहे."

 सरांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. "उजवीकडची. सडलेली. पहिल्या दिवसापासून दुखतेय. फोटो बदललेत, आणि मला संशय होता."

यावर काय करायचं ते सावळेरामला कळेना. सवयीनं त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि एकट्याच्याच टाळ्या ऐकून थांबवल्या. प्राचीनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं तुकाबाईला उठवलं, सरांना खुर्चीत बसवलं, आणि ती बोटाएवढी पट्टी त्यांच्या गालात सरकवली. पुढच्या क्षणी सरांची दाढ पडद्यावर आली, बैलगाडीच्या चाकाएवढी. मधे मोठं काळं भगदाड, मुळाशी पुवाची पिशवी. शेजारच्या 'आजींच्या' फोटोतली तीच दाढ, तेच भगदाड. मागच्या रांगेतल्या माणसालाही ते चष्म्याशिवाय दिसलं. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा नावं घालताना अदलाबदल झाली, आणि आपणही तोंड न बघता फोटोवर भरवसा ठेवला, हे प्राचीनं तिथंच कबूल केलं आणि तुकाबाईची माफी मागितली.

तुकाबाईनं माफीकडे फारसं लक्ष दिलं नाही. ती कमानीपाशी गेली, एक ऊस ओढून काढला, त्याचं कांडं मोडलं, आणि सगळ्यांच्या देखत दातांनी सोलायला लागली. सालीच्या लांब पट्ट्या खाली पडत होत्या. पांढरंशुभ्र झालेलं कांडं घेऊन ती सरांपाशी आली आणि ते त्यांच्या हातात देत म्हणाली, "घ्या गुरुजी. दाढ काढली की खावा." मग ती पहिल्यांदाच हसली, आणि पडद्यावरचा तो फोटो काय होता ते लोकांना कळलं.

दाढ तिथंच, अख्ख्या गावासमोर निघाली. इंजेक्शनच्या वेळी सरांना पाणीपुरवठ्याची बैठक आठवली होती, पण आता उठणार कसं? सावळेराम तेवढ्यात कुणाला तरी फोनवर सांगत होता, की वरचा चेहरा फक्त बदलायचा, खालचे दात तेच ठेवायचे.

प्राचीनं जखमेत कापसाचा बोळा ठेवला आणि ताकीद दिली, की तासभर दात मिटून धरायचे, अजिबात बोलायचं नाही. सर आणि कुशाबाई घरी आले. कुशाबाईंनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं, समोर पाट मांडला आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या.

सरांनी भुवया उंचावल्या.

"तुमची डावीकडची दाढ आपल्या लग्नाआधीच काढलेली. फोटोत तिथं चांगली ठणठणीत दाढ होती. बत्तीस कुठून येतील? आणि कानात फूल. मी म्हटलंसुद्धा, फूल छान आलंय."

मग सांगितलं का नाहीस, हे सरांना ओरडून विचारायचं होतं. त्यांनी ते हातवारे करून विचारलं.

"सांगणार होते. रोज सांगणार होते," कुशाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही असे ओठ मिटून बसायचात, घर इतकं शांत व्हायचं. सकाळी मला माझ्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि जरा पुढे वाकल्या. "म्हातारीला त्रास होणार हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर मीच उठले असते. तुम्ही उठलात ते बरं केलंत. पण मला एक सांगा. दिवसातून शंभर वेळा तुमची जीभ डावीकडच्या फटीत जाते. मी बघते ना. तिला तरी एकदा विचारायचं होतंत."

सर कापूस दाताखाली धरून गप्प बसले. तास संपायला बराच अवकाश होता, आणि कुशाबाईंकडे बोलायला कितीतरी वर्षांचं साठलं होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला, घोटभर पाणी घेतलं आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. सर ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांची जीभ हळूच डावीकडच्या फटीत गेली, आणि कुशाबाईंनी बोलणं न थांबवता त्यांच्या गालाकडे बोट दाखवलं.